'थोडं सहन कर' हा उपाय नाही : व्हजायनिस्मस आणि घरचा सराव

आजचा एपिसोड हवं तर हेडफोन लावून ऐका, पण ऐका.

संबंधाच्या वेळी, टॅम्पॉन घालताना किंवा गायनॅक तपासत असताना योनीमार्गाभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जातात. आत काही जातच नाही, किंवा गेलं तर प्रचंड दुखतं, आग होते. हा व्हजायनिस्मस. मी सॉफ्टवेअरवाली, डॉक्टर नाही. पण लग्नानंतर दीड वर्ष हे भोगलंय आणि त्यातून बाहेरही आलेय.

डोळ्याजवळ बोट नेलं की पापणी मिटते ना, तसंच आहे हे. पापणीला कुणी हट्टी म्हणत नाही. बाईला मात्र सांगतात, 'पहिल्यांदा दुखतंच, थोडं सहन कर.' जोर केला की दुखतं, आणि दुखलं की पुढच्या वेळी शरीर आणखी आधी दार लावून घेतं. म्हणजे सहन करण्यानेच त्रास वाढतो.

आधी एकदा डॉक्टरांना भेटा, कारण इन्फेक्शन किंवा एंडोमेट्रिओसिसमुळेही दुखू शकतं. पहिल्याच दिवशी आतून तपासणी नको, असं तुम्ही सांगू शकता.

घरी सुरुवात श्वासापासून. उताणं झोपा, गुडघे वाकवा, हात पोटावर. श्वास घेताना पोट वर येऊ द्या आणि लघवी सोडताना जसं सैल सोडतो तसं खाली सोडा. यूट्यूबवर सगळीकडे केगल सांगतात. त्यात आवळायला शिकवतात, आपल्याला सोडायला शिकायचंय. हे जमलं की आरशात स्वतःला नीट बघा. मग नखं कापून, वॉटर-बेस्ड ल्युब्रिकंट लावून स्वतःच्याच बोटाचं टोक. त्यानंतर डायलेटर, म्हणजे बारीकपासून जाडपर्यंत गुळगुळीत नळ्यांचा सेट. ते सिलिकॉनचे असतील तर सिलिकॉनचं ल्युब्रिकंट नको, खराब होतात.

दहा-पंधरा मिनिटं पुरतात. ताण जाणवला तर चालेल, दुखलं तर थांबायचं आणि आधीच्या साइजवर परत यायचं. आताची साइज कंटाळवाणी वाटायला लागली की पुढची! (एकत्र कुटुंबात ही पंधरा मिनिटं मिळवणंच सगळ्यात अवघड. माझा सेट साबणाने धुऊन, वाळवून सॅनिटरी पॅडच्या पाकिटात राहायचा. तिथे कुणी हात घालत नाही.)

या काळात संबंधाचे प्रयत्न पूर्ण बंद. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी 1970 मध्येच हा मार्ग मांडला होता : संबंध वर्ज्य, फक्त स्पर्श. नवऱ्याला हे सांगितल्यावर तोच आधी रिलॅक्स झाला. 'आज जमेल का' हा प्रश्नच घरातून गेला. पुढे तो सोबत असला तरी डायलेटर माझ्याच हातात.

पूर्वी कुणी जबरदस्ती केली असेल, किंवा नुसत्या विचारानेही घाम फुटत असेल, तर एकटीने झगडू नका, समुपदेशक गाठा. आणि फिजिओथेरपिस्टला फोन कराल तेव्हा 'पेल्विक फ्लोअरचं काम करता का?' असं स्पष्ट विचारा. सगळेच करत नाहीत.