विश्लेषण : चूक एकाची, दंड दोघांना? ऑनलाइन शर्यतीतील ‘सेफ्टी रेटिंग’ कसे ठरते?

अलिबागहून नागाव, चौलमार्गे रेवदंड्याला येणारा रस्ता वाड्यांमधून वळणे घेत जातो. शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी झाली, की समोरचा कधीही कट मारेल हे गृहीत धरूनच गाडी चालवावी लागते. संगणकावरील मोटार शर्यतींत नेमका हाच सावधपणा गुणांत मोजला जातो. त्याला ‘सेफ्टी रेटिंग’ म्हणतात.

याची गरज का भासली?

ऑनलाइन शर्यतीत गाडी ठोकली तरी कोणाला इजा होत नाही, की गॅरेजचे बिल येत नाही. त्यामुळे पहिल्याच वळणावर दहा गाड्या एकमेकींवर चढवणारे कमी नसतात. तासभर सराव करून आलेल्याची शर्यत मिनिटभरात संपते. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘आयरेसिंग’ने यावर परवाना पद्धतीचा उपाय केला. ‘ग्रान तुरिस्मो स्पोर्ट’ने २०१७ मध्ये वेगाचे आणि खिलाडूवृत्तीचे मानांकन वेगवेगळे ठेवले.

गुण कसे मोजतात?

‘आयरेसिंग’मध्ये ट्रॅकबाहेर गेल्यास एक, गाडीवरील ताबा सुटल्यास दोन आणि डांबरी ट्रॅकवर दुसऱ्या गाडीला जोरात धडकल्यास चार दोषांक पडतात. हलका स्पर्श माफ असतो. एका दोषांकामागे तुम्ही किती वळणे पार केली, यावर रेटिंग ठरते. नवख्यांचा ‘रूकी’ परवाना, त्यापुढे डी, सी, बी, ए असे वर्ग आहेत. ठरावीक शर्यती पूर्ण करून हंगामाअखेर रेटिंग ३.०० किंवा अधिक असेल तर बढती मिळते, १.०० च्या खाली गेल्यास लगेच पदावनती होते. वेगवान गाड्यांच्या शर्यती वरच्या परवान्यांसाठी राखीव असतात.

चूक नसतानाही दंड का?

सर्वाधिक तक्रार याचीच. मागून कोणी धडकला तरी दोषांक दोघांना पडतात. कारण चूक कोणाची, हे संगणक ठरवत नाही. खऱ्या फॉर्म्युला वनमध्ये पंच चित्रफीत पाहून दोषी ठरवतात. तेथे १२ महिन्यांत १२ दंडगुण झाल्याने केविन मॅग्नुसनला २०२४ मधील अझरबैजानच्या शर्यतीला मुकावे लागले. रोज होणाऱ्या असंख्य ऑनलाइन शर्यतींना इतके पंच आणायचे कोठून? म्हणून ही पद्धत दोष ठरवण्याऐवजी तुमच्या आसपास किती अपघात होतात, एवढेच मोजते. एखाद्या शर्यतीत अन्याय होतो. पण पन्नास शर्यतींनंतर सावध चालकाचा आकडा वरच जातो.

मग मुद्दाम ठोकणाऱ्याचे काय?

त्यासाठी चित्रफितीसह तक्रार करता येते आणि खाते निलंबित होऊ शकते. नावाजलेले चालकही यातून सुटत नाहीत. मे २०२० मध्ये टाळेबंदीतील ऑनलाइन इंडीकार शर्यतीत आघाडीवरील लँडो नॉरिसपुढे सिमॉन पॅजनॉने वेग कमी केला आणि नॉरिस त्याच्यावर आदळला. खेळ आभासी असला तरी त्यावर टीका मात्र खरीखुरी झाली.

रेटिंग वाढवायचे कसे?

पहिल्या वळणावर जागा सोडा. ब्रेक नेहमीपेक्षा थोडा आधी दाबा. घसरून परत येताना मागची गाडी जाऊ द्या. इंटरनेट तुटक असेल त्या दिवशी शर्यत टाळा; पडद्यावर न दिसलेला स्पर्शही मोजला जातो.

रेवदंड्याच्या मुलासाठी याचे महत्त्व अधिक आहे. देशातील मोठे रेसिंग ट्रॅक चेन्नई, कोइम्बतूर आणि ग्रेटर नोएडात. तेथे सराव करण्याचा खर्च सर्वांना परवडणारा नाही. घरातल्या स्टिअरिंगवर तो जगभरातील चालकांशी भिडू शकतो. मात्र वरच्या वर्गाचे दार नुसत्या वेगाने उघडत नाही. त्यासाठी शेजारच्या गाडीला शर्यत पूर्ण करू द्यावी लागते.