लाटा कुठे गेल्या? मावसबहिणीसोबत मॉरिशसचे किनारे

हा भाग ऐकायला जमला नसेल तर हे घ्या, लिहिलेलं. बोलताना आलेले 'म्हणजे काय तर' जरा कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.

मी नोकरीसाठी मॉरिशसमध्ये राहते, हे तुम्हाला माहितीये. पाहुणे आले की माझी ठरलेली टूर असते आणि पहिला मुक्काम कायम फ्लिक-आँ-फ्लाकचा किनारा. पांढरी वाळू, सुरूची झाडं, निळंहिरवं पाणी. सगळे इथे फोन बाहेर काढतात. यावेळी मावसबहीण आली, रत्नागिरीहून. भाट्याच्या किनाऱ्यावर लहानाची मोठी झालेली. ती दोन मिनिटं नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, लाटा कुठायत? हा समुद्र आहे की तळं?"

खरं सांगू? इतके दिवस राहून मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

उत्तर मात्र तिथे उभं राहूनच दिसतं. किनाऱ्यापासून बऱ्याच आत, पाण्यावर एक पांढरी रेघ असते. लाटा तिथे आहेत. तिथेच फुटतात. त्या रेघेखाली प्रवाळाची भिंत आहे. प्रवाळ म्हणजे पोवळ्यांचे बारीक जीव. ते चुन्याचे सांगाडे बांधतात, जुने मरतात, नवे त्यावर चढतात आणि हजारो वर्षांत समुद्रात बांध तयार होतो. मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेलं बेट, जेमतेम ६५ किलोमीटर लांब. त्याच्या जवळजवळ चारही बाजूंना असा बांध आहे, सुमारे १५० किलोमीटरचा. बांध आणि किनारा यांच्या मधलं उथळ, शांत पाणी म्हणजे लगून. वाळू पांढरी दिसते, कारण तीही मुख्यतः प्रवाळाचा आणि शिंपल्यांचा चुराच. त्यातला काही चुरा पोपटमाशांच्या पोटातून आलेला असतो. ते प्रवाळ खरवडून खातात आणि वाळू बाहेर टाकतात. (हे सांगितल्यावर बहिणीने मुठीतली वाळू लगेच खाली टाकली.)

मग तिचा पुढचा प्रश्न: "आमच्याकडे का नाही असं?" प्रवाळाला स्वच्छ, खारं, उबदार पाणी लागतं. कोकणात पावसाळ्यात नद्या आणि खाड्या गोडं पाणी आणि गाळ आणून ओततात, त्यात तो टिकत नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास थोडा आहे, पण असा सलग बांध नाही. हेच मॉरिशसमध्येसुद्धा दिसतं. फ्लिक-आँ-फ्लाकच्या थोडं दक्षिणेला तामारँ आहे. तिथे नद्या समुद्राला मिळतात, म्हणून बांधात खिंड पडलीय, वाळू काळपट आहे आणि लाटा थेट किनाऱ्यापर्यंत येतात. सर्फिंगवाले तिथेच जातात. बहिणीला तामारँ सगळ्यात आवडलं. म्हणाली, "हां, हा समुद्र."

दुसऱ्या दिवशी ल मॉर्न. हा ५५६ मीटरचा सरळसोट डोंगर. पळून आलेले गुलाम याच्या कड्याकपारींत लपून राहायचे, म्हणून २००८ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं. पण बहिणीला बघायचा होता तो रीलमधला 'पाण्याखालचा धबधबा'. तुम्हीही बघितलाच असणार. तर मंडळी, किनाऱ्यावरून तो दिसत नाही. अजिबात नाही. हेलिकॉप्टरमधून दिसतो आणि तो धबधबा नसतोच. उथळ कट्टा संपून खोल समुद्र सुरू होतो, त्या कडेवरून वाळू आणि गाळ खाली घसरतो. फिकट निळ्यातून गडद निळ्यात जाणारे ते पट्टे उंचावरून कोसळत्या पाण्यासारखे दिसतात.

ती हिरमुसली, म्हणून मी म्हटलं, "जा, पोहून ये. इथे काही होत नाही."

हे वाक्य मी बोलायला नको होतं.

लाटा बांधावर फुटतात तेव्हा प्रत्येक लाटेबरोबर थोडं पाणी बांध ओलांडून लगूनमध्ये येतं. ते साठून राहत नाही, त्याला परत जावंच लागतं. आणि जायचा रस्ता म्हणजे बांधातल्या खिंडी. म्हणजे जिथे लाटा फुटत नाहीत, पाणी सगळ्यात गुळगुळीत आणि गडद दिसतं, नेमकी तिथेच बाहेरच्या दिशेने ओढ असते. कोकणातल्या माणसाला लाट दिसली की भीती कळते. इथे भीती वाटावी असं वर काहीच दिसत नाही.

बहीण उत्तम पोहते. पोहताना तिने किनाऱ्यावरचा एक वाकडा सुरू खुणेला धरला होता. थोड्या वेळाने मान वर केली तर सुरू भलतीकडेच. किनाऱ्याकडे पोहायला लागली तर अंतर कमी होईना. मी वाळूवर बसून दालपुरी खात होते, मला काही कळलंही नाही. जवळच्या होडीतला एक म्हातारा कोळी क्रिओलमध्ये ओरडला. शब्द तिला समजले नाहीत, पण त्याचा हात समजला: सरळ नको, आडवी ये. ओढीशी झुंजायचं सोडून ती किनाऱ्याला समांतर पोहली, ओढीतून बाहेर पडली आणि लांबवर चालत वर आली. रडली नाही. मी रडले. मग उरलेली दालपुरी तिने खाल्ली आणि म्हणाली, "ही तर गूळ न घातलेली पुरणपोळी."

बोलायची लाज वाटते, तरी हे सांगतेय, कारण 'शांत किनारा' म्हणून मी इथे कित्येकांना पाठवलंय. पाण्यात उतरण्याआधी पांढरी रेघ कुठे तुटते ते बघा आणि त्या बाजूला जाऊ नका. खूण एक नको, दोन धरा, एकामागे एक. त्या सरकल्या की आपण वाहतोय.

तिसऱ्या दिवशी दक्षिणेला ग्री-ग्री. इथे बांधच नाही. दक्षिण महासागराची लाट मधे काही न अडता काळ्या खडकावर आपटते, पायाखालची जमीन हादरते. पोहायला मनाई आहे आणि एकदा बघितलं की कोणाला सांगावंही लागत नाही. भिंत काय काम करते ते भिंत नसलेल्या जागी कळतं. ही भिंत आपण पोखरतोय, तेही सांगायला हवं. लगूनमधली वाळू बांधकामासाठी उपसली जायची, ती २००१ मध्ये बंद झाली. समुद्र तापला की प्रवाळ पांढरा पडतो, ते काही बंद झालेलं नाही.

पोर्ट लुईचं आप्रवासी घाट आम्ही अर्ध्या तासात उरकलं. खरं तर त्यावर वेगळा भाग व्हायला हवा. १८३४ पासून करारावर आणलेले मजूर तिथल्या सोळा पायऱ्या चढून बेटावर आले. त्यांत कोकणातली माणसंही होती, म्हणून इथे आजही मराठी मंडळी आहेत आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. बहिणीने पायऱ्या मोजल्या, बोलली काही नाही.

शेवटच्या दिवशी माएबुर, विमानतळाजवळच आहे. समोरच्या उपसागरात १८१० च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांची जहाजं फ्रेंचांच्या मागे घुसली आणि प्रवाळात रुतली. दोन तर त्यांच्याच खलाशांना जाळावी लागली. डिसेंबरमध्ये इंग्रजांनी बेट घेतलंच, पण उत्तरेकडून, प्रवाळातली वाट नीट शोधून. आणि याच भागात जुलै २०२० मध्ये वाकाशिओ नावाचं मालवाहू जहाज बांधावर चढलं. सुमारे हजार टन तेल सांडलं. तेव्हा इथल्या लोकांनी उसाचं पाचट आणि कापलेले केस कापडात भरून लांबलचक उशा शिवल्या आणि तेल अडवायला लगूनमध्ये सोडल्या.

मुंबईला पोहोचल्यावर बहिणीने विमानाच्या खिडकीतून काढलेला फोटो पाठवला. हिरवं बेट, भोवती निळं पाणी आणि ती पांढरी रेघ. एका ठिकाणी रेघ तुटलेली होती, तिथे तिने लाल गोल काढला होता.