अनशापोटीची पंचाहत्तरी

सकाळी सातला पॅथॉलॉजी लॅबच्या बाकावर चहाविना ताटकळलेल्या माणसाला संध्याकाळी जो कागद मिळतो, त्यावरच्या ओळी एका वयाच्या नाहीत. टोटल कोलेस्टेरॉल ही त्या घरातली आजी. एचडीएल-एलडीएल मधल्या पिढीतले. महागड्या पॅकेजच्या शेवटी उभं असलेलं लिपोप्रोटीन-ए जन्मानं जुनंच, पण घरात शिरलं फार उशिरा.

कोलेस्टेरॉलवर पहिला संशय आला तो १९१३ मध्ये, सेंट पीटर्सबर्गला. निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचले. ससा मुळात शाकाहारी, त्याच्यावरून माणसाचं काय ठरवणार, असं म्हणून अनेकांनी तो विषय बाजूला सारला. माणसांचा हिशेब सुरू व्हायला १९४८ उजाडलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांना तपासून त्यांच्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवायचं ठरलं. तोवर डॉक्टर झटका आल्यावर रोग्याकडे बघत. इथे झटक्याच्या आधीपासून नोंदी होऊ लागल्या. १९६१ मध्ये विल्यम कॅनेल आणि सहकाऱ्यांनी पहिल्या सहा वर्षांचा जमाखर्च मांडला. कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब जास्त असलेल्यांना हृदयविकारही जास्त, हे त्यातून आकड्यांत दिसलं.

पण कोलेस्टेरॉल एकजिनसी नव्हतं. बर्कलीत जॉन गॉफमन यांनी १९५० च्या सुमारास अल्ट्रासेंट्रिफ्यूज या अवाढव्य यंत्रात रक्तद्रव गरगरा फिरवून त्यातले चरबीचे कण घनतेनुसार वेगळे केले होते. असं यंत्र गल्लीतल्या लॅबला परवडणारं नव्हतं. १९७२ मध्ये फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिकसन या तिघांनी यंत्राचं काम वजाबाकीवर आणलं: टोटल कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा वजा करा, उरलं ते एलडीएल. अनेक रिपोर्टांवरचं एलडीएल आजही मोजलेलं नसतं, असं काढलेलं असतं. ट्रायग्लिसराइड्स जेवणानंतर चढतात, म्हणून बारा तास उपास. बाकावरच्या त्या चहाविना गेलेल्या सकाळचं मूळ बऱ्याच अंशी या भागाकारात आहे. गंमत अशी, की ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले की हे सूत्र चालत नाही, त्याच्या खालीही ते वाढतील तसं डळमळू लागतं. आणि ट्रायग्लिसराइड्स जास्त, एचडीएल कमी हा तर भारतीय रक्ताचा नेहमीचा नमुना.

एलडीएलवर शिक्कामोर्तब झालं १९९४ मध्ये. स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरोग्यांपैकी निम्म्यांना सिम्वास्टॅटिन हे एलडीएल उतरवणारं औषध दिलं. सुमारे साडेपाच वर्षांत त्यांच्यातले मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. आकडा खाली आणला तर माणसं वाचतात, हे आता दाखवून झालं होतं. खरी परीक्षा हीच, आणि पुढे तिच्यात भलेभले नापास झाले.

'चांगलं कोलेस्टेरॉल' म्हणून मिरवणारं एचडीएल त्यातलं पहिलं. टॉरसेट्रॅपिब या औषधानं ते भरघोस वाढलं, पण औषध घेणाऱ्यांत मृत्यूही वाढले आणि डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. होमोसिस्टीन या रक्तातल्या अमिनो आम्लाचंही तेच. किल्मर मॅककली यांनी १९६९ मध्ये त्याच्याकडे बोट दाखवलं होतं. २००६ च्या मोठ्या चाचण्यांत बी-जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन उतरलं, झटके मात्र हटले नाहीत. त्याच वर्षी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं. सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी निघालं आणि निम्म्याहून अधिकांत होमोसिस्टीन वाढलेलं. तेव्हा आपल्याकडच्या पॅकेजमध्ये ती ओळ ठळक छापून आली, तर ती हृदयापेक्षा ताटाबद्दलच जास्त बोलत असते. सीआरपी हा दाहाचा निर्देशक उपयोगी खरा, पण साध्या सर्दीतापानंही तो चढतो.

मग भारतीयांसाठी वेगळं काय? ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासातली दक्षिण आशियाई माहिती नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडली. पहिल्या झटक्याचं सरासरी वय इथे ५३, इतरत्र जवळपास ५९. म्हणजे झटका सहा वर्षं आधीच दारात. मूळ कारणं मात्र तीच निघाली, फक्त ती इथे लवकर जमतात. चाळिशीपर्यंत रक्त न तपासणारा त्या सहा वर्षांतली बरीचशी वाया घालवतो.

राहिलं लिपोप्रोटीन-ए. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी ते १९६३ मध्येच शोधलं होतं. ते आईवडिलांकडून येतं. चालण्यानं वा पथ्यानं फारसं हलत नाही. ते उतरवल्यानं झटके घटतात का, या परीक्षेला त्याला मोठ्या प्रमाणावर बसवलं गेलं २०१९ च्या अखेरीस. भारतात साधारण चारांत एकाचं ते ५० च्या वर असतं. म्हणून कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ते आयुष्यात एकदा तरी तपासायला सांगितलं.

त्याच सूचनांनी आणखी एक जुनी अट सैल केली: पहिल्या लिपिड तपासणीला उपाशी राहायची गरज नाही. ट्रायग्लिसराइड्स फारच वाढलेले निघाले, तर पुन्हा अनशापोटी रक्त द्यावं लागेल, एवढंच. त्याच सुईतून फास्टिंग शुगरही काढायची असेल, तर मात्र चहा राहिलाच.