व्यसनाला अभय, देहाला शिक्षा

समाज कोणत्या गोष्टीला दोष म्हणतो आणि कोणती गोष्ट सवय म्हणून सोडून देतो, यावरून त्याच्या न्यायबुद्धीची परीक्षा होत असते. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत तंबाखू आणि लठ्ठपणा यांना मिळणारी वागणूक या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे. दोन्ही गोष्टी आरोग्याला बाधक आहेत, याविषयी वैद्यकशास्त्रात दुमत नाही. तरीही एकीला गावात प्रतिष्ठेचे स्थान आहे आणि दुसरी उघड चेष्टेचा विषय झाली आहे.

पारावर, एस.टी.च्या थांब्यावर किंवा कचेरीच्या व्हरांड्यात अनोळखी माणसाकडे चिमूटभर तंबाखू मागताना कोणाला संकोच वाटत नाही. चुन्याची डबी पुढे करणे हा शिष्टाचारच मानला जातो. धूम्रपानाला विरोध नव्हता असे नाही. परंतु तो विरोध आरोग्याचा नव्हता, मर्यादेचा होता. थोरल्या भावाची किंवा मास्तरांची चाहूल लागताच तरुणाने बिडी पाठीमागे लपवावी, एवढीच अपेक्षा असे. त्याने ती ओढूच नये, अशी नव्हे. स्त्रीने बिडी ओढली तर गावभर बोभाटा होई. मात्र तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मशेरी तिने रोज सकाळी दातांना लावली, तर तिला कोणी व्यसन म्हणत नसे. तंबाखू तीच, पण धूर दिसला की अपराध, धूर नसला की रिवाज!

कायद्याची दृष्टीही प्रारंभी सिगारेटवरच खिळली होती. १९७५ च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापणे बंधनकारक केले, पण बिडी आणि खाण्याची तंबाखू त्याच्या कक्षेबाहेर राहिली. २००३ च्या कायद्याने ही उणीव भरून काढली आणि शाळा-महाविद्यालयांपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूच्या विक्रीला मनाई केली. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपान करण्यावरील बंदी अधिक कडक झाली. हे सारे स्वागतार्हच होते. तथापि २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू सेवन करणारे २४.४ टक्के आढळले. ज्या तंबाखूचा धूर निघत नाही, तिच्याकडे समाजाने किती निर्धास्तपणे पाहिले, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

बदललेले पाणी, बदललेला देह

लठ्ठपणाची कथा नेमकी उलट आहे. या तालुक्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत भात पिकवणारा आणि हिरडा वेचणारा आदिवासी, तर पूर्वेस पावसाच्या भरवशावर बाजरी पेरणारा शेतकरी. अशा मुलखात भरलेले अंग हे खात्यापित्या घरचे लक्षण समजले जाई. पुढे कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे ही धरणे झाली. पूर्वेकडे कालव्याचे पाणी खेळू लागले. ऊस आला, त्यामागोमाग ‘विघ्नहर’ आणि ‘भीमाशंकर’ हे सहकारी साखर कारखाने आले. मोटेची जागा विजेच्या पंपाने आणि पायपिटीची जागा मोटारसायकलने घेतली. पिढ्यान्‌पिढ्यांचे अमानुष कष्ट कमी झाले, हे इष्टच झाले. परंतु कष्ट घटले आणि साखर, तळलेले पदार्थ नित्याचे झाले, तर देहावर त्याचा परिणाम होणारच. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष स्थूल किंवा अतिवजनाचे होते. एवढ्या मोठ्या संख्येने माणसे एकाएकी आळशी आणि खादाड झाली, असे समजणे भोळेपणाचे ठरेल.

समाज मात्र तसेच समजतो. शाळेत ‘जाड्या’ आणि ‘ढोली’ ही नावे हजेरीपटावरील नावांपेक्षा अधिक रूढ होतात. लग्नाच्या बाजारात ‘सडपातळ’ या एका शब्दाने कित्येक मुलींच्या गुणांवर पाणी पडते. अष्टविनायकांपैकी ओझर आणि लेण्याद्री ही दोन स्थाने जुन्नर तालुक्यात आहेत. तेथे लंबोदरापुढे हात जोडणारा भाविक परतीच्या वाटेवर सहप्रवाशाच्या पोटाची थट्टा करतो, आणि त्यात त्याला विसंगती जाणवत नाही.

अशा थट्टेनेच माणूस सुधारतो, असा एक युक्तिवाद केला जातो. तो टिकणारा नाही. खेळाच्या तासाला ज्याच्यावर हशा पिकतो, ते मूल मैदानच टाळू लागते. वस्तुतः तंबाखू ही एक कृती आहे. योग्य साहाय्य मिळाल्यास ती सोडता येते, आणि तिचा धूर शेजारच्यालाही बाधतो. लठ्ठपणा ही कृती नव्हे. आनुवंशिकता, आहार, श्रम आणि जन्मापूर्वीचे पोषण यांतून घडलेली ती देहाची अवस्था आहे. तिच्यापासून शेजाऱ्याला कोणताही उपद्रव नसतो.

गर्भाशयातील दुवा

जन्मापूर्वीच्या पोषणाचा हा मुद्दा पुणे जिल्ह्यानेच जगापुढे मांडला आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जिल्ह्यातील सहा खेड्यांतील माता-बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बाळाचे ३.५ किलो भरले. परंतु वजनाने हलक्या या बाळांच्या शरीरात स्नायू कमी असले, तरी चरबीचे प्रमाण त्या मानाने घटलेले नव्हते. अशा बाळांना पुढील आयुष्यात मधुमेहाचा धोका अधिक संभवतो. याला मुंबईतील एका अभ्यासाची जोड द्यावी लागेल. गरोदरपणात धूरविरहित तंबाखू सेवन करणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरते, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसून आले. कमी वजनाच्या बाळाच्या अनेक कारणांपैकी मशेरी हे एकच कारण आहे, हे खरे. पण ज्या सवयीला घराने अभय दिले, तिचा दंड पुढे त्याच घरातील मुलाचा देह भरतो, ही शक्यता विचारी माणसाला अस्वस्थ करणारी आहे.

तंबाखू खाणाऱ्याचीही अशीच अवहेलना करावी, असा याचा अर्थ नव्हे. तोही निकोटिनने जखडलेला असतो. त्याला हवी असते ती सोडवणूक. शिक्षकांनी आणि कचेरीतील बाबूंनी आपल्यापुरता आरंभ केला, तरी पुष्कळ साधेल. खिशात तंबाखूची पुडी ठेवून वर्गात आरोग्याचा धडा शिकवता येत नाही. गरोदर स्त्रीच्या हातातील मशेरीविषयी घरातील वडीलधाऱ्यांनीच बोलले पाहिजे. आणि वर्गातील स्थूल मुलाला टोपणनावाऐवजी खेळायला मैदान व संघात जागा मिळाली पाहिजे. समाजाची कठोरता व्यसनाविरुद्ध वळली आणि त्याची सहानुभूती देहाच्या वाट्याला आली, तर दोन्ही रोगांवरील उपचार सुकर होतील.