कर्ज : शब्द आला, अर्धा अर्थ मागेच राहिला

बीबी (ता. लोणार) : 2025मध्ये तारखांनी गंमतच केली होती. रमजानचा पहिला रोजा 2 मार्चला झाला. एकोणतिसावा 30 मार्चला आला आणि त्याच दिवशी गुढीपाडवा होता. त्या संध्याकाळी चंद्र दिसला आणि ईद 31 मार्चला, म्हणजे नेमकी पीककर्ज भरायच्या तारखेला आली. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बीबीसारख्या गावात अशा महिन्यात एक शब्द सोसायटीत, कृषी केंद्रात, किराणा दुकानात आणि मशिदीतही ऐकू येतो. तो शब्द कर्ज.

हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. एकटा नाही, बाकी, वसूल, मुदत, तगादा, जामीन, जप्ती, रक्कम असा सगळा कबिला बरोबर घेऊन आला. बँकेच्या नोटिशीतून हे शब्द काढले तर कागदावर फारसे काही उरणार नाही. मूळ अरबी धातूचा अर्थ मात्र कापणे, कुरतडणे असा आहे. कात्रीला अरबीत ‘मिकराज’ म्हणतात ते याच धातूवरून. कर्ज म्हणजे आपल्या मालातून दुसऱ्यासाठी कापून दिलेला तुकडा. शब्दाच्या जन्मात पुढे उभा आहे तो देणारा. मराठीत येताना मात्र तो घेणाऱ्याच्या डोक्यावर बसला. माणूस कर्जबाजारी होतो, कर्जात बुडतो आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात त्याचा बोजा चढतो.

मराठीने यात आपली वाटणीही केली. आईवडिलांचे, गुरूचे, मातीचे ते ऋण. सोसायटीचे ते कर्ज. दुकानातली ती उधारी. ‘आईचे कर्ज’ असे कोणी म्हणत नाही आणि सभेत आभार मानताना कोणी ‘मी आपला कर्जदार आहे’ म्हणत नाही. धान्य उसने घेऊन दीडपट परत करायचे त्याला जुन्या लोकांचा ‘वाढीदिढी’ हा शब्द होता. आणि शेजाऱ्याने विनाव्याज, विनाकागद काढून दिलेले पैसे ते हातउसने. कुरआनात ज्याला ‘कर्जे हसना’, म्हणजे चांगले कर्ज म्हटले आहे, त्याच्या सर्वांत जवळ जाणारा मराठी शब्द हाच.

फरक एकच. हातउसने लिहून ठेवायचे म्हटले की आपल्याकडे समोरचा विचारतो, ‘विश्वास नाही का?’ कुरआनातली सर्वांत लांब आयत मात्र नेमकी यावरच आहे. दुसऱ्या सूरहची 282वी आयत नमाजाबद्दल नाही, रोजाबद्दल नाही, तर मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, साक्षीदार ठेवा. आणि मजकूर सांगायचा कोणी? ज्याच्यावर देणे आहे त्याने. किराणा दुकानात वही दुकानदाराकडे असते, लिहितो तोच आणि वाचतोही तोच. गिऱ्हाइकाला एकदम सोयाबीन निघाल्यावर आकडा कळतो. निम्मी भांडणे इथूनच सुरू होतात.

त्याच्या दोनच आयती आधी देणाऱ्याला सांगितले आहे की घेणारा अडचणीत असेल तर हात मोकळा होईपर्यंत त्याला मुदत द्या, आणि सोडून दिलेत तर ते अधिक चांगले. घेणारा कोणत्या धर्माचा, हे तिथे विचारलेले नाही. पैगंबर मुहंमद (स.) यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे स्वतःचे चिलखत मदिनेतल्या एका ज्यू व्यापाऱ्याकडे जवाच्या बदल्यात गहाण होते. कर्ज काढणे म्हणजे पाप, असा समज असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे. मनाई आहे ती व्याजाला. पीककर्जाशिवाय पेरणीच होत नाही अशा ठिकाणी त्या मनाईचे काय करायचे, हा प्रश्न गावागावातल्या मुस्लिम शेतकऱ्याला दर खरिपात पडतो आणि त्याचे सोपे उत्तर कोणाकडे नाही.

देणे मेल्यावरही सुटत नाही. जनाजाच्या नमाजआधी मयताचा मुलगा किंवा भाऊ सफीसमोर उभा राहून म्हणतो, ‘वडिलांकडे कुणाचे काही येणे असेल तर मला सांगा, सोडून द्यायचे असेल तर तशी मेहरबानी करा.’ दोन क्षण कोणी बोलत नाही. गर्दीत किराणावाला असतो, ट्रॅक्टरवाला असतो. ही रीत उगाच पडलेली नाही. एका देणेकऱ्याच्या जनाजाची नमाज पढवायला पैगंबरांनी नकार दिला होता. अबू कतादा या साथीदाराने देणे स्वतःवर घेतले तेव्हा नमाज झाली. पुढे मदिनेत सुबत्ता आल्यावर, जो देणे ठेवून मरेल त्याचे देणे मी भरीन, असे त्यांनीच जाहीर केले.

सरकारने भरायचे म्हटले की आपल्याकडे शब्दावरून वाद होतो. 2008च्या केंद्राच्या योजनेला सगळे कर्जमाफी म्हणत. शेतकरी संघटनेचे म्हणणे होते की माफी गुन्हेगाराला असते, शेतकऱ्याला मुक्ती हवी. 2017च्या राज्याच्या योजनेच्या नावात ‘सन्मान’ आला आणि 2019च्या नावात ‘कर्जमुक्ती’. माफी हाही अरबीच शब्द, ‘अफ्व’चा भाऊबंद, त्यात पुसून टाकणे हा अर्थ आहे. शब्द वाईट नव्हता, तो वापरणाऱ्यांचा सूर खटकत होता.

रमजानमध्ये जकात काढताना हे सगळे पुन्हा वहीवर येते. एखाद्या दुकानदाराकडे माल आणि रोकड मिळून चार लाख आहेत आणि ठोक व्यापाऱ्याचे एक लाख द्यायचे आहेत. ते वजा करून तीन लाखांवर अडीच टक्के, म्हणजे 7,500 रुपये जकात. गावात चाळीस हजार उधारी असेल तर ती हाती येईल तेव्हा तिचे 1,000. जकात ज्यांना देता येते त्या आठ प्रकारच्या लोकांत कर्जात अडकलेला माणूसही आहे.

मग एखादा विचारतो, अमक्या मजुराकडे तीन हजार अडकले आहेत, तेच जकातीत धरून खाते मिटवले तर? हनफी उलेमांचे उत्तर आहे, नाही. उधारी सोडून देणे पुण्याचेच, पण ती जकात नव्हे. जकात द्यायची तर पैसे त्याच्या हातात पडले पाहिजेत. त्यातून त्याने जुनी बाकी भरली तर ती घ्यायला हरकत नाही. अट मात्र घालता येत नाही. आधी उधारी द्यायची की पोरांना ईदचे कपडे घ्यायचे, हे त्याचे त्याने ठरवायचे.