शीळ घालणारा कवी

बी.ए.ला असताना मी गण आणि मात्रा बोटांवर मोजायला शिकलो. आजही ओळ अडली की बोटं आपोआप हलू लागतात. म्हणूनच मेक्सिकोचे गीतकार होसे आल्फ्रेदो हिमेनेस यांच्याविषयी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा थोडा खजील झालो. त्यांना एकही वाद्य वाजवता येत नव्हतं, की स्वरलिपी ठाऊक नव्हती. चाल सुचली की ते गुणगुणून किंवा शीळ घालून दाखवत. रुबेन फ्वेन्तेस यांच्यासारखे जाणकार संगीतकार ती कागदावर उतरवून घेत.

होसे आल्फ्रेदोंचा जन्म १९ जानेवारी १९२६ रोजी दोलोरेस इदाल्गो या गावी झाला. मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्याची हाक १८१० साली याच गावातून उठली होती. वडिलांचं औषधांचं दुकान होतं. ते अकाली वारले आणि मुलगा राजधानीत आला. तिथे तो एका उपाहारगृहात वेटर झाला, फुटबॉलमध्ये गोलरक्षक म्हणून खेळला. १९५० साली त्याचं 'यो', म्हणजे 'मी', हे गाणं ध्वनिमुद्रित झालं आणि गाजलं.

त्यांची गाणी 'रांचेरा' प्रकारातली. रांचो म्हणजे खेड्यातला गुराढोरांचा मळा. तिथलं गाणं ते रांचेरा. खेडी सोडून शहरात आलेल्या माणसांनी रेडिओ आणि सिनेमातून ते जिवंत ठेवलं. साथीला व्हायोलिन, ट्रम्पेट आणि गिटार यांचा मारियाची ताफा. ताल साधे, शब्द रोजच्या बोलण्यातले. होसे आल्फ्रेदोंनी त्यात एकट्या, हरलेल्या माणसाचं मन ओतलं. 'एल रे', म्हणजे 'राजा', या गाण्यातला राजा असाच सगळं गमावलेला आहे. 'कामिनोस दे ग्वानाह्वातो' या गाण्यामागे तर सालामांका गावी वारलेल्या सख्ख्या भावाचं दुःख आहे. ऐकताना वाटतं प्रवासाचं गाणं चाललंय. मग त्या गावाचं नाव येतं आणि आवाज जड होतो.

या गाण्यांत दारू वारंवार येते. ती नुसती कल्पना नव्हती. २३ नोव्हेंबर १९७३ रोजी यकृताच्या विकाराने ते गेले, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. कवीच्या व्यसनाचं आपण फार कौतुक करतो. मला ते पटत नाही. गाणी दारूने दिली नाहीत. पुढची मात्र तिने नेली.

त्यांची मैत्रीण चावेला वार्गास यांनी हीच गाणी मारियाचीचा थाट बाजूला ठेवून, केवळ गिटारवर गायली. पुरुषाच्या तोंडचे शब्द एका स्त्रीने न बदलता गायले, आणि पुरुषी बढाईखालचं एकटेपण उघडं पडलं. २०१२ साली त्या गेल्या, तोवर ही गाणी युरोपातही पोहोचली होती.

दोलोरेस इदाल्गोच्या दफनभूमीत होसे आल्फ्रेदोंची कबर आहे. तिच्यावर एक प्रचंड सोम्ब्रेरो, म्हणजे रुंद काठाची टोपी, आणि रंगीत घोंगडी पसरल्यासारखी रचना आहे. लोक तिथे येतात आणि गातात. आता ओळ अडली की मी बोटं मुठीत आवळतो आणि आधी गुणगुणून पाहतो.