कव्हर लेटरमध्ये तुम्ही आहात का?

ऐकताना नातूवाडीच्या बोगद्यात ज्यांची रेंज गेली, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

मी वीरचा. बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर महाड एमआयडीसीतल्या कंपन्यांना एकच कव्हर लेटर पाठवत सुटलो. ‘मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, टीममध्ये काम करायला आवडतं.’ एकदा तर वर एका कंपनीचं नाव आणि आत दुसरीचं! उत्तर कुठूनच नाही. पनवेलला खोली घेऊन राहायची ऐपत नव्हती, आणि आई रोज विचारायची, “आला का रे फोन?”

शेवटी पत्र काकांना दाखवलं. ते क्वालिटी कंट्रोलमध्ये मुरलेले. म्हणाले, “अरे, खाली शेजारच्या पोरानं सही केली तरी चालेल की! यात तू कुठेयस? आणि आमचं काम कुठेय?”

मग जाहिरात नीट वाचली. त्यांना नोंदी अचूक ठेवणारा, तिन्ही शिफ्टला येणारा माणूस हवा होता. माझ्याकडे अनुभव शून्य. पण खरंच शून्य होता का? मी लिहिलं:

‘२२ जुलै २०२१ च्या महाडच्या पुरानंतर मामाच्या औषध दुकानातला भिजलेला माल मी बॅच नंबर आणि मुदतीच्या तारखेनुसार वेगळा केला आणि त्याची यादी केली. मी वीरला राहतो. स्वतःची दुचाकी आहे, त्यामुळे तिन्ही शिफ्टला येऊ शकतो.’

बघा, यात ‘मेहनती’ हा शब्दच नाही. गरजही नाही.

ही युक्ती जुनीच आहे. लिओनार्दो दा विंचीनं १४८२ च्या सुमारास मिलानच्या लुडोविको स्फोर्झाकडे काम मागताना आधी पूल आणि तोफांबद्दल लिहिलं, चित्रकला पार शेवटी. समोरच्याला जे हवं, ते आधी!

तर तुम्ही काय कराल?

१. ईमेलच्या विषयात पदाचं नाव लिहा.

२. पहिल्या दोन ओळींत कोणतं पद आणि ही कंपनी का, ते सांगा.

३. मधे त्यांची एक गरज घ्या आणि तुमचा एक खरा प्रसंग सांगा. बायोडेटा परत लिहू नका.

४. शेवटी कधीपासून रुजू होऊ शकता ते आणि फोन नंबर द्या. सगळं मोबाइलच्या एका-दोन स्क्रीनमध्ये बसवा.

५. पाठवण्याआधी मोठ्यानं वाचा. कंपनीचं नाव दोनदा तपासा. (अनुभवाचे बोल!)

मला मुलाखतीला बोलावणं आलं. पहिलाच प्रश्न होता, “भिजलेल्या पट्ट्यांवरचे बॅच नंबर वाचले कसे?” मी म्हटलं, “सगळे नाही वाचता आले. जिथे आले नाहीत, तिथे अंदाजे आकडा टाकला नाही. ‘वाचता येत नाही’ असंच लिहिलं.” साहेबांनी मान हलवली आणि पुढचं विचारलं.

म्हणून सांगतो, पत्रात खोटं घालू नका. पत्र नोकरी देत नाही, ते फक्त त्या खुर्चीपर्यंत नेतं. तिथे बसून उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं.

आईला त्या संध्याकाळी फोन आपणहून केला. भेटू पुढच्या भागात!